अर्थभेदाचा काल आणि इतिहासाचे साक्ष्य : काही इंग्रजी शब्दयुग्मांची चिकित्सा

१

इंग्रजी भाषेत एकाच वस्तूसाठी किंवा कल्पनेसाठी दोन, क्वचित तीन शब्द आढळतात, ही गोष्ट सर्वविदित आहे. त्यांपैकी एक बहुधा प्राचीन इंग्रजीतून आलेला असतो, दुसरा फ्रेंचमधून आणि तिसरा असलाच तर सरळ लॅटिनमधून. 'किंग्ली', 'रॉयल' आणि 'रीगल' हे तिन्ही शब्द राजाशी संबंध दाखवितात. परंतु एकाच्या जागी दुसरा घातला तर वाक्याचा रंग पालटतो. कोशकाराच्या दृष्टीने असे शब्द समानार्थक असले, तरी व्यवहारात ते तसे क्वचितच असतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला ह्या अर्थभेदाचे आकर्षण वाटते ते थोड्या निराळ्या कारणाने. दोन शब्दांच्या अर्थांतील अंतर हे दोन समाजांतील अंतराचे निदर्शक होय असे तो मानतो, आणि जेथे लेखी साधने तुटपुंजी असतील तेथे शब्दांनाच साक्षीदार म्हणून उभे करतो. हा साक्षीदार कितपत विश्वसनीय आहे आणि त्याची उलटतपासणी कशी करावी, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : शब्द भाषेत केव्हा आला हे ठरले म्हणजे त्याचा जवळच्या शब्दाशी असलेला अर्थभेद केव्हा उत्पन्न झाला हे ठरत नाही. ह्या दोन घटनांचे काल पृथक् आहेत. त्यांत कधी कधी चार-पाच शतकांचे अंतर असते. हे अंतर ध्यानात न घेतल्यामुळे एक अतिशय लोकप्रिय अनुमान इतिहासाच्या पुस्तकांत रूढ होऊन बसले आहे. प्रथम त्याचाच परामर्श घेऊ.

२

इंग्रजीत जिवंत जनावराला एक नाव आणि त्याच्या मांसाला दुसरे, अशी व्यवस्था आहे. 'ऑक्स' किंवा 'काउ' हे जनावर, 'बीफ' हे त्याचे मांस. 'काफ' म्हणजे वासरू, 'व्हील' म्हणजे त्याचे मांस. त्याचप्रमाणे 'शीप' व 'मटन', 'स्वाइन' व 'पोर्क', 'डीअर' व 'व्हेनिसन'. प्रत्येक जोडीतील पहिला शब्द प्राचीन इंग्रजीतील आणि दुसरा फ्रेंचमधून घेतलेला आहे. ऑक्सफर्ड येथील भूमितीचे प्राध्यापक जॉन वॉलिस ह्यांनी इ. स. १६५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅटिन भाषेतील इंग्रजी व्याकरणात ह्या व्यवस्थेकडे लक्ष वेधले होते. परंतु तिला जगभर प्रसिद्धी दिली ती सर वॉल्टर स्कॉट ह्यांनी. त्यांच्या 'आयव्हॅन्हो' ह्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात वॅम्बा हा विदूषक डुकरे राखणाऱ्या गर्थला हे कोडे उलगडून सांगतो. जनावर सॅक्सन गुलामाच्या हाती असते तोवर त्याचे नाव सॅक्सन. नॉर्मन सरदाराच्या मेजवानीसाठी ते वाड्यात गेले की त्याचे नाव फ्रेंच होते, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

कादंबरी इ. स. १८१९ च्या डिसेंबरात बाहेर पडली. फ्रेंच इतिहासकार ओग्युस्तँ त्येरी ह्यांनी इ. स. १८२५ मध्ये नॉर्मनांच्या इंग्लंडविजयाचा जो इतिहास प्रसिद्ध केला, त्यावर स्कॉटच्या ह्या कल्पनेची छाया स्पष्ट आहे. जेते आणि जित ह्या दोन वंशांचा दीर्घकालीन संघर्ष हेच इंग्लंडच्या मध्ययुगाचे सूत्र, असे त्येरी मानीत. पुढे शालेय आणि विश्वविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत ही जोडी-जोडीने मांडलेली यादी नॉर्मन विजयाचा जणू शिलालेखच म्हणून येऊ लागली.

अनुमान आकर्षक आहे ह्यात संशय नाही. इ. स. १०६६ च्या ऑक्टोबरात हेस्टिंग्जच्या रणांगणावर हॅरल्डचा पराभव झाला, आणि वीस वर्षांनी झालेल्या डूम्सडे पाहणीत मोठ्या जहागीरदारांच्या यादीत इंग्रज नावे बोटांवर मोजण्याइतकीही उरली नव्हती. जमिनीचे एवढे मोठे हस्तांतर झाले असता त्याचा ठसा भाषेवर उमटणे स्वाभाविकच होय. प्रश्न आहे तो हा की, 'ऑक्स' आणि 'बीफ' ह्यांतील भेद हा तो ठसा आहे काय?

३

ह्या अनुमानाविरुद्ध चार प्रकारचा पुरावा उपलब्ध आहे.

पहिला पुरावा फ्रेंच भाषेचा. ज्या भाषेतून हे शब्द आले तीत जनावर व मांस असा भेद नाही. फ्रेंचमध्ये 'बफ' म्हणजे बैल आणि त्याचे मांसही. 'मुताँ' म्हणजे मेंढरू आणि त्याचे मांसही. आजही तसेच आहे. अर्थात नॉर्मन सरदाराने हा भेद बरोबर आणला नाही. त्याच्या गुमास्त्यांच्या दफ्तरातही तो दिसत नाही. मध्ययुगीन इंग्लंडमधील जहागिरींचे हिशेब लॅटिनमध्ये ठेवीत. त्यांत 'मुल्तो' हा शब्द खच्ची केलेल्या मेंढ्याला लावलेला आढळतो, आणि त्याचेच भावंड म्हणजे 'मटन'. हे 'मुल्तो' ताटात नव्हेत, तर कुरणात चरत असलेले मोजले जात.

दुसरा पुरावा कालाचा. 'बीफ', 'मटन' व 'पोर्क' हे शब्द इंग्रजी लेखनात दिसू लागतात ते इ. स. १३०० च्या सुमारास, म्हणजे विजयानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. ही गोष्ट ह्या तीन शब्दांपुरती नाही. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन ह्यांनी इ. स. १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ऑक्सफर्डच्या कोशातील दिनांकित अवतरणांच्या आधारे फ्रेंच शब्दांची गणना केली. तीत पाहणीसाठी घेतलेल्या शब्दांपैकी दोन पंचमांशांहून अधिक शब्द इ. स. १२५० ते १४०० ह्या दीडशे वर्षांतील निघाले. विजयानंतरच्या पहिल्या शतकाचा वाटा त्या मानाने अगदीच अल्प आहे. लेखनात शब्द येण्यापूर्वी तो बोलण्यात असू शकतो, आणि त्या काळचे इंग्रजी लेखन फार थोडे शिल्लक आहे, हे मान्य केले तरी एवढ्या मोठ्या अंतराचे समाधान होत नाही. इ. स. १२०४ मध्ये नॉर्मंडी हातची गेली. त्यानंतर इंग्लंडमधील उच्च वर्ग हळूहळू इंग्रजी बोलू लागला, आणि बोलताना आपल्या सवयीचे शब्द त्याने इंग्रजीत आणले. तेव्हा हा शब्दांचा पूर फ्रेंचच्या वर्चस्वाचा जितका, तितकाच तिच्या माघारीचाही द्योतक आहे. स्कॉटची कथा इ. स. ११९४ च्या सुमारास घडते. वॅम्बा जे शब्द तोलून दाखवितो त्यांपैकी बरेचसे त्या काळच्या डुकरे राखणाऱ्या माणसाला कळले असते की नाही ह्याचीच शंका आहे.

तिसरा पुरावा सर्वांत महत्त्वाचा. शब्द आल्यानंतरही शतकानुशतके हा भेद पक्का झाला नव्हता. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये शायलॉक माणसाच्या मांसाची तुलना जनावरांच्या मांसाशी करतो, त्या ठिकाणी 'मटन' आणि 'बीफ' हे शब्द मांसाला नव्हे, तर ज्यांचे मांस काढावयाचे त्या जनावरांना लावलेले आहेत. इ. स. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलात यज्ञाला योग्य असे पशू सांगताना गुरांसाठी 'बीफ'चे 'बीव्ज' हे बहुवचन योजले आहे. इ. स. १७५५ च्या डॉ. जॉन्सन ह्यांच्या कोशात 'बीफ'चा दुसरा अर्थ खाण्याजोगे गुरू असा दिला आहे. 'मटन'चा मेंढरू हा अर्थही आहे, पण तो आता केवळ विनोदापुरता उरला आहे असा शेरा त्याला जोडलेला आहे. हा शेरा आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे. 'मटन' शब्द जनावरावरून उठून मांसावर स्थिरावला ह्या घटनेची ती जवळजवळ समकालीन नोंद आहे, आणि तिचे वर्ष हेस्टिंग्जनंतर ६८९ वर्षांनी येते.

चौथा पुरावा अपवादांचा आणि देशी शब्दांच्या स्थलांतराचा. 'लॅम' म्हणजे कोकरू. ते खाल्ले तरी 'लॅम'च राहते. 'गूस', 'डक' आणि 'फिश' ह्यांचेही तसेच. नॉर्मन सरदाराच्या पंक्तीला हंस किंवा कोकरू वर्ज्य नव्हते. मग त्यांना फ्रेंच नावे का मिळू नयेत? आणि 'डीअर' व 'व्हेनिसन' ही जोडी तर विजयाच्या काळी अस्तित्वातच येणे शक्य नव्हते. प्राचीन इंग्रजीत 'देओर' म्हणजे कोणताही पशू. हरिण हा संकुचित अर्थ त्याला पुढे आला. 'व्हेनिसन'चा मूळ अर्थ मृगया आणि मृगयेत मिळालेला कोणताही प्राणी. राजाच्या राखीव अरण्यांच्या कायद्यात 'व्हर्ट' म्हणजे अरण्यातील हिरवळ आणि 'व्हेनिसन' म्हणजे अरण्यातील शिकारीचे पशू. हा 'व्हेनिसन' जिवंत असून झाडीत वावरत असे. जोडीतील दोन्ही शब्द निरनिराळ्या वेळी आपापल्या मूळ जागेवरून सरकले आणि फार उशिरा समोरासमोर आले. एवढेच काय, मांस ह्या अर्थाचा 'मीट' हा शब्ददेखील पूर्वी अन्नमात्राचा वाचक होता. म्हणूनच इ. स. १६११ च्या बायबलात पिठाच्या नैवेद्यालाही 'मीट'चाच नैवेद्य म्हटले आहे.

मग हा भेद उत्पन्न कसा झाला? ह्याचे एकच एक उत्तर देता येत नाही. परंतु शोधाची दिशा सांगता येते. दुसऱ्या रिचर्डच्या मुदपाकखान्यातील प्रमुख आचाऱ्यांनी इ. स. १३९० च्या सुमारास सिद्ध केलेला 'फॉर्म ऑफ क्यूरी' हा पाकग्रंथ इंग्रजीत आहे. पण त्यातील पाकक्रियांचा परिभाषासंग्रह बव्हंशी फ्रेंच आहे. 'बॉइल', 'रोस्ट', 'फ्राय', 'सॉस' हे शब्द ज्या वाटेने आले त्याच वाटेने 'बीफ' व 'मटन' आले. स्वयंपाकघर आणि खाटकाचे दुकान ह्या क्षेत्रांत ते अधिक वापरले जाऊ लागले, आणि गोठ्यात व कुरणात जुने शब्द टिकून राहिले. एका क्षेत्रात वारंवार होणारा वापर दुसऱ्या क्षेत्रातील वापराला हळूहळू मागे सारतो. ही क्रिया मंद आहे, तिला कोणताही विजयदिन नाही, आणि तिच्या शेवटच्या टप्प्यावर नॉर्मन व सॅक्सन हा भेद समाजात उरलेलाच नव्हता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. स्कॉटच्या कल्पनेतील सामाजिक आशय सर्वस्वी निराधार आहे असे आमचे म्हणणे नाही. पंक्तीचे आणि पाकशाळेचे शब्द फ्रेंच असावेत, ह्यात उच्च वर्गाची अभिरुची निःसंशय दिसते. परंतु सत्तेचे शब्द तपासले तर चित्र असे एकरंगी राहत नाही. 'ड्यूक' व 'बॅरन' फ्रेंच आहेत. 'किंग', 'क्वीन', 'लॉर्ड', 'अर्ल' आणि 'शेरिफ' हे मात्र प्राचीन इंग्रजीतले आहेत. 'अर्ल'ची पत्नी तर 'काउंटेस', म्हणजे नवरा इंग्रज आणि बायको फ्रेंच! केवळ शब्दांच्या कुळावरून राज्य कोणी जिंकले हे ठरवू गेल्यास इंग्लंडचा राजा जित आणि त्याचा बॅरन जेता ठरेल.

४

मांसाच्या उदाहरणात भेद कसा जन्मतो हे दिसले. भेद कसा मरतो, ह्याचे उदाहरण कायद्याच्या भाषेत सापडते. इंग्रजी मृत्युपत्राच्या शीर्षस्थानी 'विल' आणि 'टेस्टमेंट' हे दोन शब्द जोडीने लिहिण्याची प्रथा आहे. त्यांपैकी पहिला प्राचीन इंग्रजी, दुसरा लॅटिन मूळाचा. दोन्ही भाषिकांना कळावे म्हणून दोन शब्द योजले, असे ह्या आणि अशा इतर जोड्यांचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते सोयीचे असले तरी ह्या जोडीला पुरेसे नाही.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात सामान्य कायद्यानुसार जमीन मृत्युपत्राने देता येत नसे. तिचा वारसा कायद्यानेच ठरे. जंगम मालमत्तेची व्यवस्था मात्र मृत व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे होत असे, आणि तिच्यावर धर्मपीठाच्या न्यायालयांचा अधिकार चाले. जमीन विश्वस्तांच्या नावे करून आपल्या इच्छेप्रमाणे तिची विल्हेवाट लावण्याची वाट पुढे वकिलांनी काढली. त्यामुळे पंधराव्या शतकात अनेकदा एकाच माणसाचे दोन लेख आढळतात. पहिल्यात आत्मा, दफन आणि चीजवस्तू ह्यांची व्यवस्था, तो 'टेस्टमेंट'. दुसऱ्यात विश्वस्तांकडील जमिनीसंबंधी सूचना, ते 'विल'. इ. स. १५४० च्या कायद्याने जमिनीविषयी मृत्युपत्र करण्याचा अधिकार बऱ्याच अंशी प्रत्यक्षच मिळाला. तरीही जंगम आणि स्थावर ह्यांची न्यायालये निराळी राहिली आणि शब्दांतील भेदही टिकला. इ. स. १८३७ च्या कायद्याने 'विल' ह्या शब्दात 'टेस्टमेंट'चा अंतर्भाव होतो अशी व्याख्याच केली, आणि इ. स. १८५७ च्या कायद्याने धर्मपीठांचा अधिकार काढून घेऊन तो नव्या न्यायालयाकडे सोपविला. ज्या दोन संस्थांच्या हद्दीमुळे अर्थभेद जगला होता त्या हद्दीच पुसल्या गेल्या. शब्द दोन्ही राहिले, भेद गेला.

भारताच्या इ. स. १९२५ च्या उत्तराधिकार अधिनियमात दस्तऐवजाला 'विल' म्हटले आहे आणि तदनुसार होणाऱ्या उत्तराधिकाराला 'टेस्टमेंटरी' हे विशेषण लावले आहे. एके काळी जमीन व चीजवस्तू ह्यांना वेगळे करणारे शब्द येथे नाम आणि विशेषण एवढ्याच नात्याने शेजारी बसले आहेत. मराठीत आपण 'मृत्युपत्र' ह्या एकाच शब्दाने काम भागवितो, आणि त्यात काही हरवत नाही. कारण जे हरवावयाचे ते इंग्रजीतच आधी हरवले होते.

५

अर्थभेदाच्या इतिहासात आणखी एका घटकाची दखल घेतली पाहिजे, तो म्हणजे भेद नोंदविणारा लेखक. फ्रान्समध्ये आबे जिरार ह्यांनी इ. स. १७१८ मध्ये समानार्थक मानल्या जाणाऱ्या शब्दांतील सूक्ष्म भेदांवर ग्रंथ लिहिला. त्याचा कित्ता गिरवून जॉन ट्रस्लर ह्यांनी इ. स. १७६६ मध्ये इंग्रजी शब्दांसाठी तसाच ग्रंथ रचला. हेस्टर पियोत्सी ह्या डॉ. जॉन्सन ह्यांच्या स्नेहमंडळातील विदुषी; त्यांचा इ. स. १७९४ चा ग्रंथ संभाषणातील शब्दनिवडीला वळण लावण्यासाठी होता. इ. स. १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅब ह्यांचा विस्तृत कोश आला आणि तो दीर्घकाळ वापरात राहिला.

हे ग्रंथ साधन म्हणून वापरताना सावध राहावे लागते. त्यांचा कर्ता समाजात रूढ असलेला भेद टिपतो, तसाच आपल्या मते असावा तो भेदही घालून देतो. आणि त्याचे पुस्तक शाळेत गेले की त्याने घातलेला भेद पुढच्या पिढीत खरोखरच रूढ होऊ शकतो. ह्या ग्रंथांवरून त्या काळच्या सुशिक्षितांना शब्द कसे वापरावेसे वाटत होते हे कळते; लोक ते कसे वापरीत होते हे कळण्यासाठी पत्रे, हिशेब, साक्षी-जबान्या ह्यांकडेच गेले पाहिजे. इ. स. १८८४ पासून खंडशः निघून इ. स. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या कोशाचे महत्त्व ह्यातच आहे. अर्थाच्या व्याख्येइतकेच मोल त्याने दिनांकित अवतरणाला दिले. म्हणून शब्दाचा आणि अर्थाचा असे दोन्ही काल तेथे पृथक् पाहता येतात.

६

ह्या विवेचनाचा मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासाशी निकटचा संबंध आहे. मराठी कागदपत्रांतील फारसी शब्दांवरून जेते-जितांचे संबंध वाचण्याची प्रथा आपल्याकडेही आहे. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी निरनिराळ्या वर्षांची पत्रे घेऊन त्यांतील फारसी शब्दांचे प्रमाण तपासले होते; त्यांच्या निष्कर्षांविषयी मतभेद होऊ शकतील, परंतु शब्दाला तारीख लावून मगच त्याची साक्ष घ्यावयाची ही त्यांची पद्धती आदर्श होती. तिच्यात अर्थाच्या तारखेची भर घालणे हे पुढचे पाऊल ठरेल.

'पाप' आणि 'गुन्हा' ही जोडी पाहावी. मराठीत 'पाप' धर्माच्या कक्षेत येते आणि 'गुन्हा' राजसत्तेच्या. फारसीत मात्र 'गुनाह' हा शब्द ईश्वराच्या आणि राजाच्या, दोन्ही अपराधांना चालतो. म्हणजे हा भेद फारसीने दिलेला नाही. तो मराठीने आपल्या घरात केला. 'बीफ'च्या बाबतीत इंग्रजीने जे केले तेच हे. जुन्या कागदांत 'गुन्हेगारी' हा शब्द दंडाच्या रकमेलाही लावलेला आढळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे शब्द दिवाणदरबारात राहून हळूहळू संकुचित होत गेला असावा असे दिसते. नेमका केव्हा, हे पत्रे, महजर आणि निवाडपत्रे कालानुक्रमे लावून तपासता येईल.

आणि मराठीतील 'मटण' हा तर 'मटन'च्याच प्रवासाचा पुढचा मुक्काम. फ्रेंचमधील मेंढरू इंग्रजीत आधी मेंढरू व मांस दोन्ही होते, मग केवळ मांस उरले; आपल्याकडे येऊन ते बहुशः बोकडाचे मांस झाले. मेंढी, बकरी, बोकड ही जनावरांची नावे देशी आणि मांसाचे नाव परके, अशी स्कॉटच्या यादीत तंतोतंत बसणारी जोडी येथे तयार झाली आहे. ह्यावरून उद्याच्या एखाद्या संशोधकाने असे अनुमान केले की महाराष्ट्रात बकऱ्या राखीत धनगर आणि मांस खात फक्त इंग्रज, तर आपण त्याला हसू. कारण 'मांस' आणि 'सागुती' हे शब्द, आणि ते खाणारी घरे, 'मटण' येण्यापूर्वीही होती हे आपल्याला ठाऊक आहे. बाराव्या शतकातील इंग्लंडविषयी आपल्याला तितके ठाऊक नाही, म्हणून तेच अनुमान तेथे विद्वत्तेचे वाटते.

सारांश, दोन जवळच्या शब्दांतील अर्थभेद पुरावा म्हणून पुढे करण्यापूर्वी अभ्यासकाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : शब्द केव्हा आला, अर्थभेद केव्हा दिसू लागला व केव्हा पक्का झाला, आणि तो कोणत्या क्षेत्रात किंवा संस्थेत जोपासला गेला. तिन्ही उत्तरे हाती आली तर शब्द हा उत्तम साक्षीदार आहे. केवळ पहिल्याच उत्तरावर विसंबल्यास तो विचारणाऱ्याच्या मनातलेच बोलून दाखवितो.